वाचकांचे प्रश्न : गस्ती बोट, गोळी आणि वजनाचा हिशेब

गेल्या अंकात कोकण किनाऱ्यावरच्या पोलिसांच्या गस्ती बोटींवर एक छोटं टिपण होतं. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवरचा हल्ला समुद्रातून आला. तेव्हापासून राज्याच्या किनाऱ्यावरची गस्त कशी वाढली, एवढाच त्याचा विषय. समुद्र घाटाखाली असला तरी प्रश्न मात्र घाटावरून आले, आणि तेही नेमके. बोटीवर गोळीबार झाला तर बोट आणि वरची माणसं वाचणार कशी? निवडक प्रश्न घेतले आहेत. काही पत्रं लांब होती, ती छाटली आहेत.

आमचं कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट आहे. आठ मीटर लांबीच्या ॲल्युमिनियम गस्ती बोटीच्या केबिनला गोळी अडवणाऱ्या प्लेटा बसवून द्याल का, अशी विचारणा आली आहे. बुलेटप्रूफ प्लेट फार महाग पडते. १० मिमीची एमएस, म्हणजे साध्या पोलादाची, प्लेट वेल्ड करून दिली तर चालेल का?
— एक उद्योजक, कुपवाड

चालणार नाही. आधी समोरून काय येणार ते पाहा. पिस्तुलाच्या ९ मिमी गोळीत साधारण ५०० ते ६०० ज्यूल ऊर्जा असते. एके-४७ ची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७१५ मीटरच्या आसपास वेगाने निघते, म्हणजे २,००० ज्यूल. एसएलआर रायफल आणि तत्सम बंदुकांची ७.६२×५१ ची (गोळीचा व्यास × काडतुसाच्या नळीची लांबी, मिमीत) गोळी ३,३०० ज्यूलपर्यंत जाते. पिस्तूल तुमची एमएस प्लेट अडवेल. पण ७.६२×५१ जवळून आली तर १० मिमी एमएसचा भरवसा नाही. शिवाय ती प्लेट चौरस मीटरला ७८.५ किलो भरते. ५०० ब्रिनेल कडकपणाची चिलखती प्लेट ६.५ मिमीतच ती साधी गोळी अडवते आणि वजन ५१ किलो. बोटीवर हा साडेसत्तावीस किलोचा फरक प्लेटच्या किमतीपेक्षा जड असतो. का ते पुढच्या एका उत्तरात येईल.

ऑर्डर घेण्याआधी ‘कुठल्या गोळीपासून, किती अंतरावरून’ हे लेखी मागून घ्या. ‘बुलेटप्रूफ’ या शब्दाला खरेदीच्या कागदावर काही अर्थ नाही. वाहनांसाठी स्टॅनॅग ४५६९ नावाचं मानक वापरतात. त्याची पहिली पातळी म्हणजे ७.६२×५१ ची साधी गोळी, ८३३ मीटर वेगाने. दुसऱ्या पातळीत एके-४७ च्याच मापाची, पण चिलखत भेदणारी कडक पोलादी गाभ्याची गोळी येते. तिच्यासाठी हीच ६.५ मिमी पुरेशी मानू नका. दुसरा सापळा वेगाचा. ५.५६ ची हलकी गोळी लांब नळीतून ९५० मीटरच्या वर वेगाने आली, तर जवळून ६.५ मिमीची कडक प्लेटही भोसकते. मोठी गोळी अडवली म्हणजे लहान अडेलच, असं गृहीत धरू नका.

आता वेल्डिंगचं. ही प्लेट कडक झालेली असते ती उष्णोपचाराने. सुमारे २०० अंशांच्या वर तापली की कडकपणा उतरायला लागतो. वेल्डच्या दोन्ही बाजूंना मऊ पट्टा तयार होतो आणि रंग मारल्यावर तो डोळ्याला दिसतही नाही. गोळी तिथे लागली की आरपार. गॅस कटिंगने तर कडेचा सेंटीमीटरभर किंवा जास्तच भाग वाया जातो. प्लाझ्मा बरा, वॉटरजेट सगळ्यांत चांगला. भोकंही त्याच वेळी वॉटरजेटवर पाडून घ्या, नंतर ड्रिलने पाडायची म्हटलं तर बिटं संपतील पण भोक पडणार नाही. वेल्ड टाळताच येत नसेल, तर सांध्याच्या मागे त्याच प्लेटची पट्टी द्या, मऊ भाग दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकेल एवढी रुंद.

बोल्टिंगलाही पथ्यं आहेत. दोन प्लेटा टोकाला टोक लावून बसवू नका, निदान ५० मिमी एकमेकींवर चढू द्या. बोल्टच्या डोक्यावर गोळी बसली तर तो बोल्टच आत सुटतो आणि गोळीचं काम करतो, म्हणून आतल्या बाजूला नटावर पोलादी टोपी हवी. ॲल्युमिनियमच्या बोटीला पोलाद थेट टेकवलं तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि खाल्लं जातं ॲल्युमिनियम. बोल्टभोवती नायलॉनचे बुश, वॉशरही नायलॉनचे, मध्ये ३ मिमी निओप्रिन, आणि प्लेट बोटीच्या अंगापासून १०-१५ मिमी लांब. ती फट खालून उघडी ठेवा. बंद केलीत तर पाणी साचून राहील आणि वर्षभरात बोल्टभोवती पांढरी पूड दिसू लागेल.

एक गोष्ट बहुतेक नवखे विसरतात. कडक प्लेटवर गोळी फुटते तेव्हा तिचं शिसं आणि तांब्याचं आवरण प्लेटच्या पृष्ठभागाला समांतर, पंख्यासारखं उडतं. प्लेटच्या वरच्या कडेवरून डोकावणाऱ्याच्या मानेला आणि बोटांना ते कापतं. म्हणून बाहेरून पॉलीयुरियाचा थर किंवा जाड रबराचं आवरण द्या, आतून ॲरामिडचं (केव्हलरसारख्या चिवट धाग्याचं) अस्तर लावा आणि वरच्या कडेला ओठासारखी वळवलेली पट्टी ठेवा.

प्लेट घेताना हीट नंबरसह (पोलादाच्या कुठल्या वितळणीतून ती आली तो क्रमांक) टेस्ट सर्टिफिकेट घ्या आणि तो नंबर प्लेटवर पंच केलेला आहे का ते बघा. हातातल्या उसळीवर चालणाऱ्या हार्डनेस टेस्टरवर विसंबू नका, पातळ प्लेट थरथरते आणि आकडा चुकतो. ओळखीच्या परवानाधारकाकडून बार टाकून तर अजिबात बघू नका. ते बेकायदा आहे, उलट फिरलेली गोळी कुठे जाईल त्याचा नेम नाही, आणि बारा बोअरने प्लेट टिकली यावरून रायफलबद्दल काहीच सिद्ध होत नाही. अशा चाचण्या डीआरडीओच्या चंडीगडच्या टीबीआरएल प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी वेग मोजून होतात.

पुरात आपण वाळूची पोती रचतो. तीच बोटीच्या कडेला रचली तर?
— एक वाचक, कऱ्हाड

जमिनीवरच्या आडोशासाठी उत्तम. ३० सेंटीमीटर कोरडी वाळू रायफलची गोळी अडवते, पण तेवढ्या जाडीला चौरस मीटरला ४८० किलो वजन होतं, चिलखती प्लेटच्या नऊ पटींहून जास्त. त्यात वाळू भिजली की वजन वाढतं आणि गोळी अडवायची ताकद घटते. बोटीवर ती भिजणारच.

मी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पूर्ण बोटच चिलखती का बनवत नाहीत? रणगाडा तसाच असतो ना?
— एक विद्यार्थी

रणगाड्याखाली जमीन असते, ती वजनाची तक्रार करत नाही. आठ मीटरच्या बोटीच्या दोन्ही कडा मीटरभर उंच झाकायच्या म्हटल्या, तर १६ चौरस मीटर झाले. ६.५ मिमी प्लेटने ८१६ किलो, म्हणजे दहा-अकरा माणसं कायमची बोटीत उभी केल्यासारखं. भरलेली बोट तीन टनांची असेल तर ती पाण्यावर उचलून पळणारच नाही, नांगर चिखलात रुतावा तशी चालेल. आणि वेग हेच या बोटीचं पहिलं संरक्षण आहे.

म्हणून झाकायचं काय ते निवडावं लागतं. सुकाणूवरच्या माणसाच्या तीन बाजू, बंदूकवाल्यापुढची ढाल, इंजिनाचा नियंत्रण भाग, बॅटरी आणि इंधनाची टाकी. एवढ्याला साधारण सहा चौरस मीटर लागतात. बाकी बोटीतून गोळी आरपार गेली तर जाऊ द्यायची. व्हिएतनामच्या नद्यांत १९६६ पासून अमेरिकेने वापरलेल्या ३१ फुटी पीबीआर बोटी अशाच होत्या. अंग फायबरचं, पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकून बोट ढकलणारं वॉटरजेट, आणि चिलखत फक्त सुकाणू आणि बंदुकांपाशी. फायबर गोळी अडवत नाही, पण गोळी त्यातून सरळ निघून जाते आणि भोक बुजवता येतं.

तुम्हाला आकडेमोड आवडेल म्हणून हिशेब मांडतो. बोट ३,००० किलो. सहा चौरस मीटर पोलादी प्लेटचे धरा ३०० किलो, आणि त्यांचं गुरुत्वमध्य बोटीच्या गुरुत्वमध्यापेक्षा १ मीटर वर. मग बोटीचं गुरुत्वमध्य ३०० × १ ÷ ३,३०० म्हणजे ९ सेंटीमीटर वर सरकतं. मूळचं जीएम, म्हणजे कललेली बोट परत सरळ होण्याच्या ताकदीचं माप, ६० सेंटीमीटर असेल तर ते ५१ च्या आसपास येतं. तेच अतिमजबूत धाग्यांच्या पॉलिथिलीनच्या, म्हणजे कारखान्यात ज्याला नुसतं पीई म्हणतात त्याच्या, पॅनेलने केलं तर चौरस मीटरला सुमारे २२ किलो, एकूण १३० किलो, आणि सरकणं ४ सेंटीमीटर. पीईची घनता ०.९७ आहे, ते पाण्यावर तरंगतं.

मग सगळीकडे पीईच का नाही? एक तर ते पोलादी गाभ्याच्या गोळीपुढे कमजोर पडतं. शिशाची मऊ गोळी त्यात पसरून अडकते, पण पोलादी सुई धाग्यांमधून वाट काढते. तिच्यासाठी पुढे ॲल्युमिना किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या सिरॅमिक फरशा लावाव्या लागतात, मग वजन चौरस मीटरला तीस-पस्तीस किलोंवर जातं. दुसरं म्हणजे उष्णता. पीई १३० अंशांच्या पुढे वितळतं आणि त्याच्या बरंच आधी, ऐंशीच्या वर, सैल पडू लागतं. काळ्या रंगाच्या बंद पेटीत ते मे महिन्याच्या उन्हात ठेवणं किंवा सायलेन्सरशेजारी लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

जीएम प्रत्यक्ष मोजायचं असेल तर शांत पाण्यात बोट सैल बांधा. ६० किलोचं वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला १.५ मीटर सरकवा. आत १ मीटर दोरीचा ओळंबा टांगा आणि त्याचं वजन तेलाच्या डब्यात बुडवून ठेवा, म्हणजे झोके थांबतात. ओळंबा ५ सेंटीमीटर हलला तर जीएम = ६० × १.५ ÷ (३,००० × ०.०५) = ०.६ मीटर. चाचणी चालू असताना आत कुणी जागा बदलू नये आणि तळात पाणी नसावं. सगळ्या चुका याच दोन गोष्टींतून येतात. प्लेटा बसवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही वेळा मोजा. जादा वजनाने बोट काय करते, हे २०१९ च्या पुरातल्या ब्रह्मनाळच्या बोट दुर्घटनेनंतर सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

पुतण्या सागरी पोलिसात गस्ती बोटीवर आहे. बुलेटप्रूफ आणि लाईफ जॅकेट दोन्ही घालतो. आत कुठलं आणि वर कुठलं घालायचं, यावर त्यांच्यातच दोन मतं आहेत.
— एक निवृत्त सुभेदार, अपशिंगे मिलिटरी

सुभेदारसाहेब, लाईफ जॅकेट वर, यात दुसरं मत नको. हवा भरणारं जॅकेट आत घालून वर बुलेटप्रूफ आवळलं, तर पाण्यात पडल्यावर जॅकेट फुगतं ते छातीवर. बाहेर फुगायला जागा नसल्यामुळे ते फासळ्या दाबतं आणि श्वास घेता येत नाही.

तरंगण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात, १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो. माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवायला साधारण ४० न्यूटन लागतात. छाती-पाठीच्या दोन पोलादी प्लेटा मिळून ७ किलोच्या धरल्या तर पाण्यात त्यांचं वजन ६ किलोंवर राहतं. एके-४७ च्या चार भरलेल्या मॅगझिनांचे पाण्यात पावणेतीन किलो. ६० + २७ + ४० म्हणजे १२७ न्यूटन. फोमचं १०० न्यूटनचं जॅकेट इथे नापास. १५० चं कसंबसं पास, पण बूट आणि वायरलेस मोजले की शिल्लक काही उरत नाही. जड साज असलेल्यांसाठी २७५ न्यूटनचा वर्ग असतो, तो मागावा. प्लेटा पूर्ण पीईच्या असतील तर त्या उलट तरंगायला मदतच करतात, पण त्या कुठली गोळी अडवतात ते वर आलंच आहे.

बुलेटप्रूफवर ओढून सुटणारी दोरी आहे का ते बघायला सांगा. ती एका हाताने, ओल्या हातमोज्यासह, डोळे मिटून सुटली पाहिजे. सराव आधी कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी जोडीदार उभा करून. विहिरीत सूर मारत वाढलेल्या आपल्या पोरांचा घोटाळा इथेच होतो, पोहता येतं म्हणून दोरीकडे लक्ष जात नाही. दहा किलो छातीला बांधून पोहणं हे पोहणंच नव्हे.

आपल्याकडे बुलेटप्रूफ जॅकेटांसाठी आयएस १७०५१ : २०१८ हे मानक आहे. त्यात सहा पातळ्या आहेत, सहावी सगळ्यांत वरची. आतल्या लेबलवर पातळी, बॅच आणि मुदत छापलेली असते. मऊ पॅनेल ॲरामिडचं असेल तर त्याचे दोन शत्रू, ऊन आणि ओल. म्हणून ते सीलबंद पिशवीत येतं. पिशवीला छिद्र पडलं किंवा शिवण उसवली, तर पॅनेल बदलून घ्यावं, चिकटपट्टी लावून भागवू नये. धुवायचं ते फक्त बाहेरचं कापड. सिरॅमिक प्लेट हातातून फरशीवर पडली, तर वरून काही दिसत नाही पण आत चीर जाते. वाजवून बघून ती कळत नाही, एक्स-रे लागतो. पडलेली प्लेट पडली म्हणून सांगणाऱ्याला रागावू नये, नाहीतर पुढचा सांगणार नाही.

मिरजेत आमचं गाड्यांच्या काचांचं दुकान आहे. बोटीच्या बुलेटप्रूफ काचा दोन-तीन वर्षांत दुधाळ होतात, असं ऐकलं. कारण काय?

कडेतून शिरलेलं पाणी. ही काच अनेक थरांची असते, काच आणि मध्ये चिकट पडदा, सर्वांत आत बहुधा पॉलीकार्बोनेट हे चिवट प्लास्टिक. रायफलसाठी जाडी ४० मिमीच्या आसपास जाते आणि चौरस मीटरला वजन नव्वदीच्या घरात. ६० बाय ४० सेंटीमीटरची एक खिडकी म्हणजे २२ किलो, तीही बोटीच्या सगळ्यांत उंच भागात. म्हणून खिडक्या लहान ठेवतात. कडेचं सील उन्हाने तडकलं की थर सुटू लागतात. ते आधी कोपऱ्यात बोटभर ढगासारखं दिसतं, तेव्हाच सील बदला.

पॉलीकार्बोनेटच्या बाजूला अमोनिया असलेला काच-क्लीनर किंवा थिनर लावू नका, बारीक जाळी पडते. आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा आणि मग मऊ कापड. मिठावरच कापड फिरवलं की ओरखडे. बसवताना काच उलटी बसवण्याची चूक तुम्हा जाणत्यांकडून होणार नाही, पण बाहेरच्या बाजूचं लेबल फिटिंग पूर्ण होईपर्यंत काढू नका. फ्रेमही तेवढ्याच ताकदीची हवी आणि ती काचेच्या कडेवर २५ मिमी तरी चढलेली हवी. नुसत्या ॲल्युमिनियम चॅनेलमध्ये बसवलेल्या काचेशेजारून गोळी आत येते.

बोटीच्या तळाला गोळीचं भोक पडलं तर किती वेळ मिळतो? आमचं बचाव पथक गोळीबारात नसतं, पण पुरात झाडांचे बुंधे आणि कुंपणाचे अँगल असतात.
— भिलवडीहून एक कार्यकर्ता

हिशेब दोन्हींना एकच. पाण्याखाली ३० सेंटीमीटरवर ८ मिमीचं भोक असेल, तर मिनिटाला साडेचार लिटर पाणी येतं. हे घाबरण्यासारखं नाही. पण गोळी आत शिरल्यावर आडवी होते आणि दुसऱ्या बाजूने निघताना भगदाड पाडते. २५ मिमीच्या भगदाडातून मिनिटाला ४४ लिटर, वीस सेकंदांत एक बादली. तासाला २,००० लिटरचा बिल्ज पंप कागदावर मिनिटाला ३३ लिटर उपसतो, प्रत्यक्षात वर चढवताना त्याहून कमी. म्हणजे एक बाहेर पडलेली गोळी पंपाला हरवते. त्यामुळे भोक शोधताना शिरल्याच्या समोरची बाजू आधी बघायची.

पहिलं काम म्हणजे माणसं दुसऱ्या बाजूला सरकवून भोक पाण्यावर आणायचं. एकदम सगळी नव्हे, एकेक करून. मग फडकं गुंडाळलेली निमुळती लाकडी खुंटी आतून ठोकायची. खुंट्या १० ते ४० मिमीच्या, प्रत्येक मापाच्या चार, मोगरीसकट दोरीला बांधून ठेवलेल्या. लाकूड सावरीचं किंवा पांगाऱ्याचं, मऊ. सुतार हौसेने सागवानी करून देतात, दिसायला सुरेख, पण साग कठीण आणि पाण्यात फारसा फुगत नाही, त्यामुळे बाजूने गळत राहतं. फायबरच्या भोकाच्या आतल्या चिंध्या आधी कापा. भोक लांबट असेल तर रबरी शीट, त्यावर प्लायचा तुकडा आणि आडवा टेका.

पेट्रोलच्या टाकीला गोळी लागली की सिनेमासारखा स्फोट होत नाही. धोका नंतरचा असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साचते आणि बिल्ज पंपाच्या ठिणगीने पेट घेते. टाकी गळत असेल तर पंप चालू करण्याआधी वास बघा, बॅटरीचा मेन स्विच बंद करा, तळ उघडून वारा द्या आणि हाताने उपसा. रबरी बोटीची गोष्ट सोपी आहे. तिची नळी अनेक कप्प्यांची असते, एक कप्पा फुटला तर फुस्स होऊन खाली बसतो आणि बाकीचे बोट धरून ठेवतात, मात्र दोन कप्प्यांमधल्या व्हॉल्व्ह बंद ठेवलेल्या असल्या तरच.

पाण्यात सूर मारला तर गोळी लागत नाही, हे खरं आहे का? मग बोटीच्या पाण्याखालच्या भागाला प्लेट लावायची गरज काय?
— वाईचा एक शाळकरी वाचक

बरंचसं खरं आहे. रायफलची वेगवान गोळी पाण्यात शिरताच डळमळते, बऱ्याचदा तुटते, आणि मीटरभराच्या आत तिचा जोर संपतो. गंमत म्हणजे पिस्तुलाची संथ गोळी तुटत नाही, म्हणून ती कधीकधी रायफलच्या गोळीपेक्षा खोल जाते. पण अगदी आडव्या कोनात आलेली गोळी पाण्यावरून चकतीसारखी टप्पा घेऊन उडते आणि बोटीला नेमकी पाणरेषेपाशी लागते. शिवाय लाटेवर बोट डुलते, वेगात तिचा पुढचा भाग उचलला जातो, आणि एरवी पाण्याखाली असलेला भाग उघडा पडतो. म्हणून जिथे प्लेट लावतात तिथे ती पाणरेषेच्या खाली २०-२५ सेंटीमीटर नेतात. त्याखाली नेत नाहीत, कारण तिथलं काम पाणीच करतं.